घोडे पेलतील एवढा बर्फ

सोस्नोव्का वस्ती, चुलिम नदीपलीकडे
१२ जून १९०९

प्रिय उस्तिना,

तुझं ईस्टरचं पत्र काल हातात पडलं. वस्तीत टपाल कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

घर उभं राहिलं. लहान आहे, पण भिंती अख्ख्या ओंडक्यांच्या आहेत. आपल्याकडे पोल्तावात तसला एक ओंडका विकत घ्यायचा तर चारदा विचार करावा लागतो. गवत माझ्या खांद्याला लागतं. माती काळी, आजवर कुणी नांगर न घातलेली. फक्त झाडांची मुळं खोल गेली आहेत आणि ती माणसाच्या जोरावर निघत नाहीत. इथे कुणी आपला घोडा विकायला काढत नाही. आणि जमीन कसून दाखवली तरच सरकार ती आपल्याकडे ठेवतं.

म्हणून तिन्ही घोडे घेऊन ये. लिस्का, वोरोना आणि सोकिल. स्थलांतर करणाऱ्यांच्या गाडीला जनावरांचा डबा जोडतात, त्यातच माणसंही बसतात. आईलाही आण. ऑगस्टात नीघ, म्हणजे नदी गोठायच्या आत पोचशील.

थंडीचं विचारलंस. थंडी आहे, पण कोरडी आहे, अंगाला लागत नाही. मी बरोबर आणलेल्या घोड्याचं, बुलानचं विचारलंस. त्याला आता काही काम नाही, तो आरामात आहे.

तुझा,
तिमिश


वेर्बीव्का
१५ जुलै १९०९

प्रिय तिमिश,

घर विकलं. माझ्या भावाने विकू नको म्हणून सांगितलं, मग त्यानेच विकत घेतलं. जाताना म्हणाला, "तुझा नवरा वर्षभर एकच पत्र पुन्हा पुन्हा लिहितोय. गवत खांद्याला, गवत खांद्याला. त्याला तिथे दुसरं काही दिसत नाही का?" मी त्याला गप्प बसवलं. पण तिमिश, खरंच, दुसरं काही दिसत नाही का?

मला घोड्यांची काळजी आहे. लिस्का कुठेही जाईल, ती माझ्या माहेरची आहे, माझ्यासारखीच हट्टी. वोरोना तरणी आहे, निभावेल. पण सोकिल म्हातारा होत चाललाय, त्याच्या अंगावर केस असे कितीसे? पावसाच्या सरीनेही त्याची कातडी थरथरते. शिवाय लिस्का नजरेआड झाली की तो खात नाही. मी घरातली जाड सतरंजी कापून तिघांना झुली शिवल्या. तुझ्या आईने दिवसभर माझ्याशी अबोला धरला, कारण सतरंजी तिच्या लग्नातली होती. संध्याकाळी स्वतःच सुई घेऊन बसली.

तुझ्यासाठी बूट करून घेतलेत. आत लोकर घातलीय. माप माझ्या लक्षात होतं.

बुलानला काम नाही असं का लिहिलंस? ऐन उन्हाळ्यात घोड्याला काम कसं नसेल?

येतोय आम्ही.
उस्तिना


चुलिम नदी, अलीकडचा काठ
९ ऑक्टोबर १९०९

तिमिश,

आलो. सगळे जिवंत आहेत. चेल्याबिन्स्कला जनावरांच्या डॉक्टरने गाडी अडवली, कुणाच्या तरी घोड्याच्या नाकातून पाणी वाहत होतं म्हणून सगळ्यांचेच घोडे बाजूला बांधून ठेवले. आमच्या तिघांना काही नव्हतं, पण सोडायची कुणाला घाई? तिथेच उशीर झाला.

आणि आता ही नदी. आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशी तराफा काठावर ओढून ठेवला. पाण्यात बर्फाचे तुकडे वाहताहेत, एकमेकांवर घासताना रात्रभर करकर आवाज येतो. सावाती नावाच्या म्हाताऱ्याने आम्हाला त्याच्या अंगणात जागा दिली. तोच टपाल नेतो. हातात लांब काठी, पायाखाली हलकं होडकं, पाणी आलं तर वल्हवतो, बर्फ आला तर उतरून ढकलतो. मी म्हटलं, घोडे कधी जातील? म्हणाला, "बाई, नदी आधी ससा नेते, मग मला नेते, मग घोडा नेते. तुम्हा दक्षिणेकडच्या लोकांना तिच्याआधी घाई असते."

घोडे उघड्यावर आहेत. मी आडोशाला फांद्या लावल्या. सावाती देतो ते गवत दलदलीतलं आहे, लिस्काने तोंड फिरवलं.

तुझी वस्ती काठापासून लांब नाही म्हणे. उद्या पलीकडे येऊन उभा राहा. दीड वर्षात तुला पाहिलं नाही. हात हलवलास तरी पुरे, दिसेल मला.

उस्तिना


सोस्नोव्का
१२ ऑक्टोबर

प्रिय उस्तिना,

तुम्ही सुखरूप आलात, देवाचे उपकार.

मला काठावर येता येणार नाही. तबेल्याचं छप्पर अर्धं राहिलंय, बर्फ पडायच्या आत पुरं करायला हवं. रागावू नकोस.

आणि माझं ऐक. मी रात्रभर विचार केला. घोडे नदीवर घालू नकोस. तुझ्या काठावर एक लाकडाचा ठेकेदार फिरतो, तो घोडे घेतो. तिन्ही विकून टाक. मग तू आणि आई सावातीबरोबर पायी या. माणसं त्याने आजवर सुखरूप नेली आहेत. घोड्यांचं आपण वसंतात बघू.

हा बर्फ तुला ठाऊक नाही. वरून पांढरा दिसतो, खाली काय आहे कळत नाही.

तिमिश


अलीकडचा काठ
१५ ऑक्टोबर

तिमिश,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कुठे चूक होतेय का पाहायला.

जूनमध्ये लिहिलंस, घोडे आण. मी घर विकून घोडे आणले. डब्यात त्यांच्या पायाशी झोपले. चेल्याबिन्स्कला माझ्या वाटणीची भाकरी वोरोनाला चारली. आणि आता नदीच्या तोंडाशी येऊन विकून टाक म्हणतोस. वसंतात कसले घोडे बघणार आहेस? तूच लिहिलंस, तिथे कुणी विकत नाही.

वस्तीतले सगळे काठावर येतात. काल एक बाई पोराला घेऊन आली, अलीकडे तिचा दीर होता, दोघं नुसते एकमेकांकडे बघत उभे राहिले. मी दिवसभर पलीकडे बघत होते. तबेल्याचं छप्पर एक दुपार थांबलं नसतं?

माझा भाऊ म्हणाला होता की तिथे तुझी दुसरी कुणी असेल. तेव्हा मी त्याच्या अंगावर ओरडले होते. आता गप्प आहे.

सोकिल खोकतो. खुरात हिमाचे गोळे बसतात, घोडे उंच टाचांवर चालल्यासारखे लटपटतात. सावाती म्हणाला, चरबी चोळ. घरून आणलेली डुकराची चरबी मी खुरांना चोळतेय आणि तुझी आई शेजारी उभी राहून म्हणते, "चोळ, चोळ. सगळी चोळ. आम्ही काय, लसूण लावून तुझ्या घोड्याचे खूर चाटू."

आईंना पाठवतेय. त्यांना आता थांबवत नाही. होडक्यात बसून बर्फावरून जायला त्या तयार आहेत. म्हणाल्या, "माझ्या पोराला मी बघून येते, तुझं तू घोड्यांशी बोल." त्यांच्याबरोबर तुझे बूट पाठवले आहेत.

मी घोडे विकणार नाही. सोडून येणारही नाही.

उस्तिना


सोस्नोव्का
१८ ऑक्टोबर

प्रिय उस्तिना,

आई पोचली. थोडी भिजली, पण ठीक आहे. मला पाहून रडली आणि मग चुलीजवळ बसून राहिली. थकली असावी, फारशी बोलत नाही.

दुसरी कुणी नाही. तुला असं वाटावं याचं फार वाईट वाटलं. इथे कामाशिवाय काही नाही.

बूट मिळाले. पायाला शिवल्यासारखे बसले. कारागिराला माझा नमस्कार कळव.

घोड्यांबद्दल पुन्हा विचार कर. हात जोडून सांगतो.

तिमिश


अलीकडचा काठ
२० ऑक्टोबर

तिमिश,

सावातीने तुझं पत्र दिलं आणि मग कोटाच्या आतून एक बूट काढला. डावा. नवा कोरा, तळव्याला मातीचा डागसुद्धा नाही. म्हणाला, "म्हातारीने दिलाय. तुझ्या नवऱ्याला सांगायचं नाही म्हणाली. आणि तुला एवढंच सांगायला सांगितलंय की याचा तिथे उपयोग नाही."

मी त्याला विचारलं, उपयोग नाही म्हणजे काय? त्याने हातातली काठी होडक्याला टेकवली. मग म्हणाला, "बाई, मी टपाल नेतो. टपालात काय असतं ते मी बोलत नाही. पण हा बूट उघडाच दिलाय."

मी खाली बसले. लिस्का आली आणि माझ्या डोक्याला नाक लावून उभी राहिली.

पायाला शिवल्यासारखे बसले म्हणालास. कुठल्या पायाला, तिमिश?

आता मला एक पत्र हवंय. त्यात गवताची उंची नको, मातीचा रंग नको. तिथे जे जे वाईट आहे तेवढंच लिही. सगळं लिही, आईंना काय वाटेल, मला काय वाटेल याचा विचार न करता. ते वाचून मी ठरवीन, नदी ओलांडायची की स्टेशनावर परत जायचं. ठेकेदार इथे येऊन गेलाय, आठवड्याभरात पुन्हा येईन म्हणाला.

उस्तिना


सोस्नोव्का
२४ ऑक्टोबर

उस्तिना,

लिहितो.

डावा पाय घोट्याच्या वरून कापला आहे. लाकडी पाय लावतो. घरात काठीशिवाय चालतो, बाहेर दोन काठ्या लागतात. बर्फावर पडतो.

बुलान मेला. जानेवारीत. ओढ्यापलीकडून गवत आणत होतो. ओढा केव्हाच गोठला होता, वर मऊ हिम होतं. पण बर्फाच्या फटीतून पाणी वर येऊन हिमाखाली साचतं, ते वरून दिसत नाही. घसरगाडी मधे असताना बुलान पोटापर्यंत आत गेला. मी पट्टे कापले. त्याने पुढचे पाय वर टाकले, मी लगाम धरून ओढलं, पण मागचा पाय खाली कुठेतरी अडकला होता किंवा मोडला होता. मग तो धडपडायचा थांबला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाण्याच्या बाहेर. तो बराच वेळ श्वास घेत होता. नंतर मी घरी चालत आलो. बूट पायावर गोठला होता, कापून काढावा लागला. शेजारच्यांनी वस्तीच्या दवाखान्यात नेलं.

तिथे पडल्यापडल्या मला आधी वाटलं, बरं झालं, उस्तिना इथे नाही. मग वाटलं, हिला कळलं तर ही कधीच येणार नाही. दुसरा विचार जास्त दिवस टिकला. म्हणून लिहिलं नाही.

घर म्हणजे एक खोली. चूल धूर ओकते. छताच्या एका कोपऱ्यात आतून बर्फ धरतो. साफ केलेली जमीन तुझ्या भावाच्या परसाएवढी. आमच्याबरोबर आलेली दोन कुटुंबं उन्हाळ्यात परत गेली. गवत खरंच खांद्याला लागतं, पण बसून बसून मला जेवढं कापता आलं तेवढं तीन घोड्यांना वसंतापर्यंत पुरणार नाही. थंडी कोरडी असते हे मी कुणीतरी सांगितलेलं लिहिलं. ती अंगाला लागते.

घोडे विक म्हणालो, कारण रोज डोळे मिटले की तू ओढ्यात असतेस.

तबेला मात्र आहे. छप्पर पुरं झालं. तेही बसूनच केलं, म्हणून इतका उशीर लागला. फटीत शेवाळ भरलंय, आत वारा येत नाही. आमच्या घरापेक्षा तो बरा झालाय.

परत जायचं ठरवलंस तर मी तुला दोष देणार नाही. आईला इथे ठेव, मी सांभाळीन.

तिमिश


अलीकडचा काठ
१ नोव्हेंबर

तिमिश,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी ठेकेदार आला. त्याने घोड्यांचे दात पाहिले, पाय उचलून पाहिले. सोकिलला हात लावला नाही, म्हणाला, हा फुकट घेईन. बाकी दोघींचे जे देत होता त्यात मी घरापर्यंत पोचले असते. मी हो म्हणायच्या बेतात होते. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितेय.

मग मी त्याला म्हटलं, थांबा, आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू लिहिलंस की बुलान बराच वेळ श्वास घेत होता आणि तू त्याचं डोकं धरून बसला होतास. ओल्या बुटाने. त्याला सोडून तेव्हाच चालू लागला असतास तर पाय राहिला असता. हे तू लिहिलं नाहीस, पण मला वाचता येतं.

अशा माणसाच्या हवाली मी घोडे करू शकते. स्वतःला करायचं की नाही ते नंतर बघू. तू माझ्याशी वर्षभर खोटं बोललास, तो राग कुठेही गेलेला नाही.

ठेकेदाराला नाही म्हटलं. तो म्हणाला, "पस्तावशील." सावाती म्हणाला, "पस्तावली तर इथेच पस्तावेल, तुला कशाला त्रास."

गेल्या आठवड्यातल्या कडाक्याने नदी धरली. सावातीने कुऱ्हाडीने जागोजागी भोकं पाडून पाहिलं, मग वाटेवर गवत पसरून वर पाणी ओतलं, ते गोठून वाट झाली. दोन्ही बाजूंना फांद्या रोवल्या. लोहाराकडून घोड्यांना टोकदार खिळ्यांचे नाल मारून घेतले. आज सकाळी निघालो. एकावेळी एक घोडा, पाठीवर काही नाही, मधे भरपूर अंतर. लिस्काने नदी हुंगली आणि सावातीच्या मागे अशी चालू लागली जशी पेठेला निघालीय. वोरोना तिरकी तिरकी गेली, पण गेली. पलीकडे तुझ्या शेजाऱ्याने धरल्या, ते मी इथून पाहिलं.

सोकिल बर्फावर पाय ठेवत नाही. मी ओढलं, गोड बोलले, डोळ्यांवर फडकं बांधलं. दुपारी बर्फाला मधेच तडा गेल्याचा आवाज झाला, तोफ उडाल्यासारखा, तेव्हापासून तो काठापासूनही लांब पळतो. लिस्का दिसत नाही म्हणून एकसारखा खिंकाळतोय आणि गवताला तोंड लावत नाही. सावाती म्हणतो, आवाज होणारा बर्फ चांगला, तो जाड होत असतो. ते सोकिलला कोण समजावणार?

दोघी तुझ्याकडे आल्यात. त्यांना आज थंड पाणी देऊ नकोस. मी याला टाकून येणार नाही. तू बुलानला सोडलं नाहीस, मीही याला सोडणार नाही.

उस्तिना


पलीकडचा काठ
२ नोव्हेंबर, सकाळी

उस्तिना,

मी काठावर आलोय. शेजाऱ्याने आणून सोडलं. आई शेजारी उभी आहे आणि मला वेडा म्हणतेय.

सोकिलला ओढू नकोस. डोळे बांधू नकोस. फक्त दाव्याने धरून काठावर उभा कर, जिथून त्याला नदी दिसेल. मी लिस्काला हलक्या घसरगाडीला जुंपून तुझ्याकडे येतोय. तो तिला पाहील आणि तिच्या मागे येईल.

सावाती हे पत्र घेऊन पुढे निघतोय. मी त्याच्या मागोमाग निघतो. फांद्यांच्या मधून चालेन.

हिम पडायला लागलंय. दिसलो नाही तर हाक मार.

तिमिश


अलीकडचा काठ
२ नोव्हेंबर, संध्याकाळी

आई,

तुम्हाला साष्टांग नमस्कार. हे पत्र सावाती तुमच्याकडे आणेल आणि तुमचा शेजारी वाचून दाखवेल. तुमचा मुलगा पोचला. हिमात तो तुम्हाला दिसेनासा झाला तेव्हा तुम्ही काठावर बसकण मारली असणार. आता उठून घरात जा.

मलाही तो दिसत नव्हता. मी सोकिलला धरून उभी होते आणि समोर नुसतं पांढरं. हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. मग लिस्काचा आवाज आला आणि सोकिलने असं खिंकाळून उत्तर दिलं की माझ्या हातातलं दावं सुटता सुटता राहिलं. नंतर आधी घोडीचं डोकं दिसलं, मग तो. गाडीत नव्हता. मधे एका जागी बर्फ काळपट दिसला म्हणून वजन कमी करायला उतरला होता. एका हातात काठी, दुसरा हात लिस्काच्या गळ्यात. दोनदा पडला म्हणाला. मी पाहिलं ते तिसऱ्यांदा. लिस्का थांबली आणि तो तिच्या पायाला धरून उठेपर्यंत हलली नाही.

मी त्याला खूप काही बोलायचं ठरवलं होतं. चेल्याबिन्स्कपासून ठरवत आले होते. तो जवळ आला तेव्हा तोंडातून निघालं, "घोडी घामाने भिजलीय, आधी तिला पूस." मग आम्ही दोघांनी दोन बाजूंनी तिला गवताने पुसलं. पोटाखालून आमचे हात एकमेकांना लागले. तो म्हणाला, "उस्तिना, मधे आलो तेव्हा मला परत फिरायचं होतं." मी म्हटलं, "मग?" म्हणाला, "लिस्का फिरेना."

दुपारी लिस्काला पुन्हा बर्फावर नेलं, बघावं म्हणून. सोकिल काठावर क्षणभर थांबला, मग तिच्या शेपटीत नाक खुपसून मागोमाग गेला. मधल्या फांदीपर्यंत जाऊन दोघांना परत आणलं. उद्या उजाडलं की निघतो.

तिमिश आता म्हणाला, आईला लिही की सगळं ठीक आहे. मी म्हटलं, ते मी लिहिणार नाही. त्याच्या कापलेल्या पायाच्या टोकाला जखम झालीय, रक्त आलंय, मी बांधलं. सोकिलचा खोकला वाढलाय. खुरांची चरबी संपली. मी अजून रागावलेली आहे. वोरोना आज तिथे एकटी आहे, तिच्याशी थोडं बोला, नाहीतर ती तबेल्याचा दरवाजा फोडेल.

सोकिलच्या पाठीवर झूल बांधत होते तेव्हा तिमिश शेजारी येऊन उभा राहिला. "तू राहशील ना?" असं विचारलं. मी गाठ मारली, नीट बसली का पाहिलं. मग म्हटलं, "वसंतात नांगराला वोरोनाला डावीकडे जुंपायचं. उजवीकडे ती चालत नाही."

तुमची सून,
उस्तिना